बाळपणीचे आघात आणि बाळाचा मेंदू
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



 चिटणीसबाईंनी निरोप धाडला तेव्हा विषय कळविला होता, ‘मुलांवर चांगले संस्कार कसे करावे.’ विषय चांगला आहे. परंतु या विषयावर आपण सर्वजणींनी इतकी व्याख्याने ऐकली आहेत, की वक्ता ‘संस्कार’ म्हणाला की मागच्या रांगेतील भगिनी हळूच घराकडचा रस्ता धरतात. म्हणून मी थोडी सवलत घेतली आहे. ज्या कोवळ्या मेंदूवर संस्कार करावयाचे, तो मेंदू बनतो कसा, आणि लहानपणी फार सोसावे लागले तर त्याचे काय होते, याविषयी आज बोलावे असे योजिले आहे. मी डॉक्टर नाही. प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गावर माझी तीस वर्षे गेली. निवृत्त झाल्यावर वाचनाला वेळ मिळाला, आणि जे वाचले ते आधी वाचावयास हवे होते असे वाटले. तसे का वाटले, ते प्रथम सांगते.

माझ्या वर्गात एक मुलगा आला होता. त्याचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही. वय सहा वर्षांचे. जागेवर बसणे त्याला ठाऊकच नव्हते. काल शिकविलेले अक्षर आज विसरलेला असे. शेजारच्या मुलाचा धक्का लागला, की हा ठोसा मारी. आणि आणखी एक गोष्ट. फळ्यावर लिहिण्यासाठी मी खडू घेऊन हात वर केला, की पहिल्या रांगेत बसलेला हा पोर कोपर उचलून तोंड झाकून घेई. वर्गातील मुले हसत. मला वाटे, हा सोंग करतो आहे. मी त्याला वर्गाबाहेर उभे केले. एकदा नव्हे, पुष्कळदा केले. त्याच्या देखत इतर मुलांना म्हणाले, “याच्या डोक्यात काही शिरावयाचे नाही.”

दिवाळीनंतर गावची मंडई भरली, त्या वेळी त्याची आजी मला भेटली. तिच्याकडून कळले, की पोर दीड वर्षाचे असताना आई गेली. बाप दिवसभर कामावर आणि रात्री मोहाच्या दारूत. पोराला सांभाळावयास घरात सात वर्षांची बहीण. बाप घरी आला की दोघे लेकरे कोठीमागे लपून बसत. पुढे आजीने त्यांना आपल्या घरी आणले, तेव्हा हा साडेचार वर्षांचा होता. आजी म्हणाली, “बाई, तो वाईट नाही. त्याला भेव लागते.”

भगिनींनो, त्या म्हातारीला शाळा ठाऊक नव्हती. परंतु तिने एका वाक्यात जे सांगितले, ते मला समजावयास पुढे कितीतरी वर्षे लागली. मुलगा चौथीनंतर शाळा सोडून गेला. त्याच्या शाळा सोडण्यात माझा वाटा किती, याचा हिशेब मी करीत असते, आणि तो माझ्या बाजूने कधीच लागत नाही.

आता मेंदूकडे वळू. जन्मलेल्या बाळाच्या मेंदूचे वजन सुमारे साडेतीनशे ग्रॅम असते. मोठ्या माणसाच्या मेंदूचे तेराशे-चौदाशे ग्रॅम. म्हणजे बाळ येताना चौथा हिस्सा घेऊन येते. परंतु दोन वर्षांचे होईतो त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे तीन चतुर्थांश भरतो, आणि शाळेत नाव घालण्याच्या वयात नव्वद टक्क्यांच्या घरात पोहोचतो. अंगाचा दुसरा कोणताही भाग इतक्या घाईने वाढत नाही. तेव्हा पहिलीच्या शिक्षिकेच्या हाती मूल येते, तेव्हा घराचा पाया आणि भिंती झालेल्या असतात. आम्ही फार तर कौले शाकारतो.

नुसत्या वजनाने काम भागत नाही. मेंदूत कोट्यवधी पेशी असतात; मोठ्या माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी, असे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. या पेशी एकमेकींशी जोडल्या जाव्या लागतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक जोडण्या होतात, असा अंदाज आहे. त्यांतील ज्या वापरात येतात त्या पक्क्या होतात; ज्या वापरात येत नाहीत त्या गळून जातात. आपल्या बांध्यांवरच्या पायवाटेसारखेच हे आहे. ज्या धुऱ्यावरून रोज माणसे जातात तेथे वाट मळते. जेथून कोणी जात नाही तेथे एका पावसाळ्यात गवत माजते आणि वाट होती हेही कळत नाही.

बाळाच्या मेंदूत वाट मळते कशाने? फार महागड्या वस्तूने नव्हे. बाळ हुंकार देते, आई ‘काय गं माझी बाय’ म्हणते. बाळ हसते, आजी हसते. बाळ कावळ्याकडे बोट दाखविते, बहीण म्हणते, ‘काऊ.’ बाळाने साद घालावी आणि कोणीतरी उत्तर द्यावे, एवढाच हा व्यवहार. तो दिवसातून शंभरदा झाला की भाषा, विश्वास आणि धीर या तिन्हींच्या वाटा तयार होतात. हल्ली रडणाऱ्या लेकराच्या हातात मोबाईल देण्याची चाल पडली आहे. मोबाईल गाणे म्हणतो, रंग दाखवितो, लेकरू गप्प राहते. परंतु लेकराने हुंकार दिला तर मोबाईल त्याच्याकडे पाहून हसत नाही. एवढा त्यातील फरक ध्यानात ठेवावा.

आता दुसरी बाजू. भीती ही देवाने दिलेली उपयोगाची वस्तू आहे. मोहफुले वेचावयास पहाटे जंगलात गेले आणि समोर अस्वल उभे राहिले, तर काय होते? छाती धडधडते, हातापायांत बळ येते, तोंड कोरडे पडते. त्या वेळी मनात पाढे आठवत नाहीत, स्वयंपाकाचा बेत सुचत नाही. पळावे की ओरडावे एवढेच सुचते. मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात येतो आणि सारे अंग संकटासाठी सज्ज होते. अस्वल निघून गेले, आपण घरी आलो, घोटभर पाणी प्यालो, की हळूहळू अंग ठिकाणावर येते. यात अपाय नाही.

परंतु अस्वल घरातच राहत असेल तर? रोज दिवेलागणीला दार वाजले की लेकराची छाती धडधडत असेल, आणि त्याला जवळ घेणारे कोणी नसेल, तर तो रस रोज अंगात भरत राहतो. लहान मेंदूला ही झळ सोसत नाही. मेंदूत भीतीची घंटा वाजविणारा एक भाग आहे, त्याला अमिग्डाला म्हणतात. तो हलक्या आवाजालाही वाजू लागतो. आठवण साठविण्याचा भाग, हिप्पोकॅम्पस, याची वाढ खुंटू शकते. आणि कपाळामागे जो भाग आहे, जो म्हणतो ‘थांब, विचार कर, मग हात उचल,’ त्याची वाट नीट मळतच नाही.

हे वाचीत असताना माझ्या डोळ्यांपुढे तो पोर उभा राहिला. कोपराने तोंड झाकणारा, अक्षर विसरणारा, धक्का लागताच ठोसा मारणारा. मी ज्यास सोंग, मंदपणा आणि वाह्यातपणा अशी तीन नावे दिली, ती तिन्ही एकाच भीतीची रूपे होती. त्याचे अस्वल रोज त्याच्यासोबत माझ्या वर्गात येत होते. आणि खडू घेतलेला माझा हात त्याला त्याच्या बापाचा हात वाटत होता.

हे सारे शास्त्रज्ञांनी ठरविले कसे, असे कोणी विचारील. रुमानिया नावाचा युरोपात एक देश आहे. तेथे 1966 साली सरकारने गर्भपातावर बंदी घातली. लोकसंख्या वाढवावयाची होती. गरिबांच्या घरी पोसण्यापलीकडे मुले झाली, आणि पुष्कळांनी ती सरकारी अनाथालयांत ठेवली. 1989 साली तेथील राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुले अशा घरांत असल्याचे जगाला दिसले. तेथे दूध होते, खाट होती, छप्पर होते. परंतु वीस-वीस मुलांमागे एखादी दाई, तीही पाळीपाळीने बदलणारी. बाळे रडत, कोणी येत नसे. काही दिवसांनी बाळे रडणे सोडून देत.

पुढे सन 2000 च्या सुमारास अमेरिकेतील चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तिघा संशोधकांनी बुखारेस्ट या राजधानीत एक अभ्यास सुरू केला. अनाथालयांतील 136 मुले, वय सहा महिन्यांपासून एकतीस महिन्यांपर्यंत. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने त्यांतील अर्ध्या मुलांना निवडलेल्या पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. उरलेल्यांची व्यवस्था पूर्वीसारखी चालू राहिली. पुढे कित्येक वर्षे दोन्ही गटांची तपासणी केली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी अधिक वाढली, बोलणे सुधारले, माणसांवर माया जडली. मेंदूतील विजेच्या लहरी मोजल्या, तेथेही फरक दिसला. आणि जी मुले दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली, त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की नुसते पोट भरून लेकरू वाढत नाही. त्याला त्याचे असे एक माणूस लागते. दुसरी ही, की लवकर केलेला उपाय अधिक लागू पडतो. पऱ्हे टाकल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत पाणी चुकले तर पुढे कालवा भरून वाहिला तरी ते धान तसे उभे राहत नाही, हे धरणाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या तुम्हां बायकांना मी काय सांगावे?

पोटाचे महत्त्व कमी आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याविषयी आपल्याच महाराष्ट्रातील अभ्यास आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक काम आरंभिले. गावातील तरुण सुनांची तपासणी गरोदरपणाच्या आधीपासून करावयाची, आणि पुढे त्यांची बाळे वर्षानुवर्षे पाहत जावयाची. ती बाळे नऊ वर्षांची झाली तेव्हा काही मुलांच्या लक्ष देण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या चाचण्या घेतल्या. गरोदरपणी ज्या आईच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व फार कमी होते, तिची मुले अशा काही चाचण्यांत मागे पडली. म्हणजे बाळाच्या मेंदूची कथा पाळण्यापासून सुरू होत नाही, ती सुनेच्या ताटापासून सुरू होते.

हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस आणि मासळी यांत असते. आपल्या दारात एवढे मोठे धरण आहे. गाढवी नदीच्या या पाण्यातील मासळी टोपल्या भरभरून बाजारी जाते. माझा प्रश्न एवढाच आहे, की घरी जो रस्सा शिजतो, त्यातील तुकडा कोणाच्या ताटात पडतो? आधी सासरा, मग नवरा, मग मुलगे, मग सासू. आणि गरवारशी सून टोपल्याच्या तळाशी उरलेला रस्सा भाताला लावून खाते. आपणच वाढतो, म्हणून हे आपल्याच हाती आहे. उद्यापासून पळी फिरविण्याचा क्रम बदला. त्यासाठी शासनाचा आदेश लागत नाही.

येथवर ऐकून एखादी आई मनात म्हणत असेल, की मग माझ्या लेकराचे काय? मला आषाढ-श्रावणात रोवण्याला जावे लागते. दिवसभर चिखलात वाकून उभी राहते, तान्हे बांधावरच्या पळसाला लुगड्याच्या झोळीत असते. माझे काय चुकले? बाई, तुझे काही चुकले नाही. हे मी ठासून सांगते, कारण अशा व्याख्यानांचा शेवट पुष्कळदा आईला दोष देण्यात होतो, आणि तो खोटा न्याय आहे. गरिबी हा आईचा गुन्हा नव्हे. कष्टाने अपाय होत नाही. झोळीतील बाळाला सांजेला आई छातीशी धरते, तेवढ्यानेही पुष्कळ भरून निघते. शास्त्रज्ञही हेच सांगतात: संकट कोणावर येत नाही? परंतु संकटात मुलाला जवळ घेणारे एक खात्रीचे माणूस असले, तर तेच संकट सोसण्याजोगे होते. ते माणूस नसले, तर ते विषासारखे भिनते. ते माणूस आईच असले पाहिजे असेही नाही. आजी असेल, मामी असेल, शेजारीण असेल, शिक्षिकाही असेल. मी तशी असू शकले असते.

आणखी एक सावधगिरी. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी 1998 साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. पाहणीच्या दोन फेऱ्यांत मिळून सतरा हजारांवर प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले होते: मार, शिवीगाळ, घरातील दारू, आईला झालेली मारहाण, आईबापांची ताटातूट. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा अधिक प्रकार आले होते, त्यांच्यात पुढे व्यसन, उदासपणा, आत्महत्येचे प्रयत्न कित्येक पटींनी अधिक आढळले. हृदयाचे विकारही अधिक आढळले. परंतु याचा अर्थ, ज्याने लहानपणी सोसले तो वायाच गेला, असा कोणी करू नये. हजारांचा हिशेब एकाच्या कपाळी लिहावयाचा नसतो.

आपल्याच इतिहासातील उदाहरण पाहा. 1863 साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसविलेल्या विधवांनी तेथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, बाळाला मारू नये, म्हणून. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. जन्मताच जग ज्याला नको म्हणत होते, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा मायलेक दोघे रोग्यांच्या सेवेस उभे राहिले, आणि त्याच सेवेत सावित्रीबाईंना मरण आले. सावित्रीबाईंनी मेंदूचे शास्त्र वाचले नव्हते. तेव्हा ते लिहिलेलेही नव्हते. त्यांनी बाळ उचलून घेतले, एवढेच.

उशीर झाला तरी उपाय चालतो, याचाही दाखला आहे. जमैका नावाच्या बेटावर 1986-87 साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या डॉक्टरबाईंनी किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील खुरटलेली 129 बाळे निवडली. वय नऊ महिने ते दोन वर्षे. त्यांतील काहींच्या घरी वस्तीतीलच एक शिकविलेली बाई आठवड्यातून एकदा, तासभर जाई. सोबत घरच्या टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी. ती बाळाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे आईला दाखवी. दोन वर्षे एवढेच काम चालले. वीस वर्षांनी ती मुले कमाईला लागल्यावर पाहिले, तर ज्यांच्या घरी ती बाई गेली होती त्यांची मिळकत तशाच खुरटलेल्या इतर मुलांहून सुमारे पंचवीस टक्क्यांनी अधिक निघाली. आठवड्यातून एक तास, भगिनींनो! आपण मंडळात हळदीकुंकवाला याहून अधिक वेळ देतो.

आणि हे काही परदेशातूनच शिकावे असे नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ, असे त्या म्हणाल्या, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. ढोरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणात शाळा नेली. थोरली बहीण शाळेत येत नाही, कारण काखेला तान्हे आहे, हे पाहून शाळेला लागूनच पाळणाघर आणि बालवाडी चालविली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशभरची एकात्मिक बालविकास योजना निघाली, तिच्या केंद्राला हेच अंगणवाडी नाव लाभले. आपल्या शेजारी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून काम मांडले. गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली, आणि तीन वर्षांत त्या गावांतील नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. हा अहवाल 1999 साली प्रसिद्ध झाला. त्याच जिल्ह्यात लोकांच्या, विशेषतः बायकांच्या चळवळीने 1993 साली दारूबंदी आली. हे जिल्हे आपल्यासारखेच, जंगलाचे आणि धानाचे. तेथील बायका आपल्याहून निराळ्या मातीच्या नाहीत.

आता मंडळापुढे माझी विनंती मांडते आणि संपविते.

पहिली विनंती रोवण्याच्या दिवसांची. अंगणवाडी दुपारी सुटते, आणि तीन वर्षांच्या आतील तान्ह्यांची सोय तेथे दिवसभर होत नाही. रोवण्याच्या महिना-सव्वा महिन्यात मंडळाने दिवसभराचे पाळणाघर चालवावे. ज्यांच्याने आता चिखलात वाकवत नाही अशा आपण दहा-बाराजणी आहोत, पाळी लावू. मी पहिल्या दिवसापासून येईन. एक ध्यानात ठेवावे: रोज नवी बाई नको. प्रत्येक बाळाला त्याची ठरलेली मावशी असावी. यामुळे आणखी एक काम होईल. सात-आठ वर्षांच्या ज्या मुली भावंडे सांभाळावयास घरी राहतात, त्या शाळेत जातील. त्या पोराची बहीण एकही दिवस शाळेत आली नाही, हे मला पुष्कळ उशिरा सुचले. मी त्याची हजेरी घेत राहिले, आणि तिचे नाव हजेरीपटावर नव्हतेच.

दुसरी विनंती, मंडळाच्या प्रत्येक सभासदाने आपल्या आळीतील एक गरवारशी किंवा लेकुरवाळी सून आपली मानावी. आठवड्यातून एकदा तिच्या ओट्यावर तासभर बसावे. उपदेश करू नये. तो तिला घरी भरपूर मिळतो. बाळाशी खेळावे, तिचे ऐकावे, तिच्या ताटात काय पडते ते पाहावे. बाळंतपणानंतर जी सून गप्प गप्प राहते, बाळाकडे पाहत नाही, तिला ‘बाधा झाली’ म्हणून सोडू नये. तो एक आजार आहे आणि त्याला उपाय आहे. आशाताईंना सांगून तिला दवाखान्यात न्यावे.

तिसरी विनंती अवघड आहे. ज्या घरातून रात्री आरडाओरडा ऐकू येतो, तेथे आपण ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून कवाड लावून घेतो. नवरा बायकोला मारतो तेव्हा लेकराच्या अंगाला हात लागला नसला, तरी लेकराच्या मेंदूला तो मार लागतो. अशा घरी एकटीने जाऊ नये; पाच-सहाजणींनी मिळून जावे. त्या रात्रीपुरते लेकरांना आपल्या घरी आणावे, जेवू घालावे, जवळ निजवावे. आणि लेकराच्या जिवाला धोका दिसला तर 1098 हा फोन क्रमांक मुलांच्या मदतीसाठी आहे; तो भिंतीवर लिहून ठेवावा.

चौथी विनंती माझ्या शिक्षक भावंडांना, आणि घरोघरच्या आयांनाही. शाळेत मुलांना मारण्यास 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई आहे. परंतु कायद्याच्या आधी एक साधी सवय लावून घ्यावी. मूल वेडेवाकडे वागले, की ‘याला काय झाले आहे खोड?’ असे विचारण्याऐवजी ‘याच्यावर काय बेतले आहे?’ असे विचारावे. मी हा प्रश्न तीस वर्षांत फार थोड्यांदा विचारला.

शेवटी त्या मुलाचे सांगते, कारण आपणांपैकी काहींच्या मनात ते राहिले असेल. गेल्या वर्षी आठवडी बाजारात एक तरुण माझ्या पाया पडला. मी ओळखले नाही. त्याने नाव सांगितले. मजुरीसाठी पुष्कळ गावे फिरून आता परत आला आहे. दारूला शिवत नाही, असे त्याने न विचारताच सांगितले. मी म्हटले, “बाबा, मी तुला फार बाहेर उभे केले.” तो हसला. म्हणाला, “बाई, घरी आजी होती न.” कडेवर त्याची तीनेक वर्षांची पोर होती. बोलता बोलता त्याने तिच्या कपाळावर आलेले केस मागे सारण्यासाठी हात उचलला. मी नकळत त्या पोरीच्या कोपराकडे पाहिले. ती मुरमुरे खात होती. तिने मान वर करूनही पाहिले नाही.

त्याला त्याची आजी होती. ज्यांना ती नाही, त्यांच्यासाठी आपले मंडळ असावे. पाळणाघराचा ठराव आजच्याच सभेत मांडावा अशी अध्यक्षबाईंना विनंती करते.